पीजीची (पदव्युत्तर शिक्षणाची) ब्रँच कशी ठरवावी? फायनल इयर आणि इंटर्नशिपमधल्या मुलामुलींसाठी

एमबीबीएसचं फायनल इयर सुरू झालं की "मग पुढे कशात करणार?" हा प्रश्न मागे लागतो. घरी फोन केला तरी तोच, लग्नकार्यात भेटलेल्या काकांचाही तोच. "मेडिसिन" म्हटलं की विषय संपतो, म्हणून बरीच मुलं तेच सांगून वेळ मारून नेतात. मी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते. दरवर्षी इंटर्नशिप संपत आली की हीच मुलं केबिनबाहेर घुटमळताना दिसतात. "मॅडम, दोन मिनिटं बोलायचं होतं." दोन मिनिटांचा अर्धा तास होतो आणि शेवटी एक वाक्य हमखास येतं: "मला स्वतःच्या निर्णयावर विश्वासच वाटत नाही."

हा लेख त्या वाक्यासाठी आहे. कोणती ब्रँच चांगली, हे मी सांगणार नाही. ते बाहेरून कुणालाच सांगता येत नाही. पण इतक्या मुलांशी बोलून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. निर्णयाचा आत्मविश्वास आधी येऊन बसत नाही. काही ठरावीक कामं केली की तो हळूहळू येतो, आणि ती कामं करताना होणारी घालमेल आपण कशी निभावतो, यावर तो टिकतो. कामं साधी आहेत. थर्ड इयरपासून सुरू केली तर उत्तम, पण इंटर्नशिप अर्धी संपली असली तरी उशीर झालेला नाही.

पायरी १ : नेमकं काय जमत नाही ते शोधा

"विश्वास नाही" ही तक्रार झाली, निदान अजून व्हायचं आहे.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की माणसाचा स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास सरसकट नसतो, तो कामागणिक बदलतो. हे आपण वॉर्डात रोज पाहतो. लहान बाळाची शीर पहिल्या प्रयत्नात मिळवणारी मुलगी त्याच बाळाच्या आईशी बोलताना अडखळते. १९८३ मध्ये कॅरेन टेलर आणि नॅन्सी बेट्झ यांनी हाच विचार करिअरच्या निर्णयाला लावला आणि त्यातली पाच कामं सुटी केली: स्वतःला ओळखणं, कामाची माहिती मिळवणं, पर्यायांतून निवडणं, पुढची आखणी करणं आणि अडचण आली तर मार्ग काढणं.

एक वही घ्या आणि या पाचांपुढे स्वतःला दहापैकी गुण द्या. प्रामाणिकपणे द्या, ही वही कुणी तपासणार नाही. मला काय आवडतं आणि काय सोसत नाही, हे चार वाक्यांत सांगता येतं का? आवडत्या ब्रँचमधल्या जेआर वनचा (पहिल्या वर्षाच्या पीजी रेसिडेंटचा) दिवस किती वाजता सुरू होतो, हे माहीत आहे का? दोन पर्याय समोर असताना एक खोडता येतो का? नीट-पीजी या प्रवेशपरीक्षेच्या तारखेपासून जॉइनिंगपर्यंतचे टप्पे लिहिता येतात का? आणि हवी ती ब्रँच मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करणार, याचं उत्तर आहे का?

बहुतेकांना पाचही ठिकाणी कमी गुण पडत नाहीत. कुणाला माहिती भरपूर असते पण खोडता येत नाही. कुणाची आखणी चोख असते, पण ती ब्रँच हवी कशासाठी, हे विचारलं की गप्प. जिथे गुण कमी, तिथून कामाला लागा. पुढच्या सगळ्या पायऱ्या प्रत्येकाला सारख्या लागतीलच असं नाही.

पायरी २ : ताण आला की तुम्ही काय करता, ते पाहा

ही पायरी मुलं गाळतात. माझ्या मते खरी मेख इथेच आहे.

रिचर्ड लझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये ताणाला सामोरं जाण्याच्या दोन ढोबळ तऱ्हा सांगितल्या. एक, जो प्रश्न आहे त्याला भिडणं. दुसरी, त्या प्रश्नामुळे मनात उठलेलं वादळ शांत करणं. पुढे चार्ल्स कार्व्हर यांनी १९९७ मध्ये जी छोटी प्रश्नावली केली, तिच्यात चौदा प्रकार आहेत. आखणी करणं, मदत मागणं, आहे ते स्वीकारणं, विनोद करणं, देवाधर्माचा आधार घेणं, मन दुसरीकडे वळवणं, स्वतःला दोष देणं, नशेकडे वळणं, असे बरेच. यादी वाचताना आपल्या हॉस्टेलचा अख्खा मजला डोळ्यांपुढे येतो.

आपल्याकडे टाळण्याचा सगळ्यांत प्रतिष्ठित प्रकार म्हणजे "आधी रँक येऊ दे, मग बघू." ऐकायला किती समंजस वाटतं! आणि त्यात तथ्यही आहे, रँकशिवाय सीट नाही. पण रँक आली की काय मिळू शकतं तेवढंच कळतं. काय हवं, ते तिच्यातून कळत नाही. मग चॉइस (ब्रँच आणि कॉलेजांचा पसंतीक्रम) भरायला हाताशी मोजके दिवस उरतात, गेल्या वर्षीचे कटऑफ उघडले जातात, कुणी तरी दादा फोनवर "रेडिओलॉजी मिळतंय तर सोडू नकोस" म्हणतो आणि वर्षभर बाजूला ठेवलेला निर्णय एका रात्रीत उरकला जातो.

दुसरा प्रकार ओळखायला कठीण, कारण तो मेहनतीसारखा दिसतो. टेलिग्रामवरचे ग्रुप, कुठल्या ब्रँचला किती पगार याचे व्हिडिओ, कटऑफच्या एक्सेल शीट. रात्री दोनपर्यंत मुलं हेच पाहत बसतात. त्याला एक सोपी कसोटी लावा. तासभर माहिती वाचल्यावर एखादा पर्याय खोडता आला का, किंवा कुणाला तरी विचारायचा एक नेमका प्रश्न हाती लागला का? लागला असेल तर काम झालं. नसेल तर ती चिंता होती, माहिती शोधण्याचं नाव घेऊन आलेली.

तिसरा प्रकार स्वतःला दोष देण्याचा. "माझं बेसिकच कच्चं आहे", "मी मुळात या फील्डचाच नाही." मला याची सगळ्यांत जास्त काळजी वाटते, कारण असं म्हणणारी मुलं बहुधा मेहनती असतात आणि गप्प राहतात. एखाद्या युनिटमध्ये राउंडला सगळ्यांसमोर अपमान झाला की ते वाक्य मनात घर करतं.

आता एक महत्त्वाची गोष्ट. मन शांत करण्याचे उपाय कमी दर्जाचे नाहीत. कुठला उपाय कधी, हे कळायला हवं. वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढा. डावीकडे जे तुमच्या हातात आहे ते: अभ्यासाचे तास, कुणाला भेटायचं, कुठलं पोस्टिंग मन लावून करायचं. उजवीकडे जे हातात नाही ते: पेपर किती कठीण निघेल, परीक्षेची तारीख पुढे जाईल का, यंदा कटऑफ किती राहील. डावीकडच्या गोष्टींना भिडायचं. उजवीकडच्या गोष्टींसाठी झोप, खेळ, गाणं, पारायण, मित्राबरोबर चहा, घरी आईच्या हातचं दोन दिवस जेवण, जे मनाला बरं वाटेल ते करायचं. परीक्षा आणि निकाल यांच्या मधले दिवस तर बरेचसे उजवीकडचेच असतात. तेव्हा उत्तरपत्रिका आठवून गुण मोजत बसणारा मुलगा धडाडीचा वाटतो, पण तो स्वतःला पोखरत असतो. आणि इंटर्नशिपच्या ऐन मध्यात "टेन्शन घ्यायचं नाही" म्हणून प्रत्येक पोस्टिंग चुकवणारा डावीकडचं काम सोडून देत असतो.

पायरी ३ : इंटर्नशिपची वही

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे इंटर्नशिपचं वर्ष फिरतं असतं. कम्युनिटी मेडिसिनला बारा आठवडे, मेडिसिन आणि सर्जरीला प्रत्येकी सहा, सायकियाट्रीला दोन, आणि बाकीच्या ब्रँचेस. एवढ्या ब्रँचेसमध्ये आतून वावरायची संधी पुन्हा मिळत नाही. एमसीक्यूच्या अभ्यासासाठी पोस्टिंग चुकवण्याचा मोह मला कळतो, परीक्षा डोक्यावर असते. तरी प्रत्येक पोस्टिंगमधले निदान काही दिवस पूर्ण हजेरीने, डोळे उघडे ठेवून करा, आणि त्या दिवसांचं लिहून ठेवा.

काय लिहायचं? "मस्त होतं" किंवा "बोअर झालं" याचा उपयोग नाही. एका इंटर्नने मला दाखवलेलं पान तिच्या परवानगीने देते:

"लेबर रूम, नाइट. तीन डिलिव्हरी. एकीची एपिझिओटॉमी (प्रसूतीच्या वेळी घेतलेला छेद) शिवली, मॅडम शेजारी होत्या. शिवताना वेळेचं भान राहिलं नाही. पहाटे पीपीएच (प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव). खूप घाबरले, पण पाय आपोआप हलले, ब्लड बँकेत मीच धावले. सकाळी नातेवाईक आरडाओरडा करायला लागले तेव्हा तिथून पळून जावंसं वाटलं. रूमवर येऊन झोप लागली नाही, पण पुढच्या नाइटची भीती वाटली नाही."

या पानात किती काही आहे बघा. हाताचं काम तिला रमवतं. इमर्जन्सीत ती थिजत नाही. नातेवाइकांची आक्रमकता मात्र सोसत नाही. आणि रात्र गेल्यावर ती सावरते. यातली पहिली दोन आणि शेवटची गोष्ट गायनॅकच्या बाजूची, तिसरी विरुद्ध. आता तिला एवढंच शोधायचं उरलं की नातेवाइकांशी बोलणं शिकता येतं का, आणि हाताचं काम देणारी पण हा भाग कमी असलेली दुसरी ब्रँच आहे का. ॲनेस्थेशियाचं पोस्टिंग तिने त्याच नजरेने केलं. "गायनॅक आवडतं की नाही?" या मोठ्या प्रश्नाशी ती वर्षभर झगडत बसली नाही.

रोज दोन ओळी पुरतात. कशात रमलो, कशाने थकलो, काय टाळावंसं वाटलं, आणि त्या ब्रँचमधलं रोजचं कंटाळवाणं काम सोसवलं का. शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. अवघड केस सगळ्यांनाच भुरळ घालते. पण मेडिसिन म्हणजे बीपी-शुगरची लांबलचक ओपीडी आणि डिस्चार्ज समऱ्या, रेडिओलॉजी म्हणजे रिपोर्टिंगचा न संपणारा ढीग, ॲनेस्थेशिया म्हणजे तासन् तास मॉनिटरवर नजर. तीस वर्षं तुम्ही तेच करणार आहात.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. युनिट आणि ब्रँच वेगळे ठेवा. तुसड्या युनिटमुळे सर्जरी नकोशी झाली असेल तर दुसऱ्या युनिटच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) एक दिवस उभे राहा. प्रेमळ मॅडममुळे पीडियाट्रिक्स आवडलं असेल तर मॅडम रजेवर असतानाही ते आवडतं का, ते पाहा. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रावरचे दिवस वाया जाऊ देऊ नका. तिथे पेशंटसमोर तुम्ही असता, मेडिकल ऑफिसर शेजारच्या खोलीत असतात, आणि छोटे निर्णय तुम्हालाच घ्यावे लागतात. बांडुरा यांच्या मांडणीत विश्वासाचे चार स्रोत आहेत: स्वतः केलेलं काम, आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहणं, जाणत्या माणसाचा धीराचा शब्द, आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यांत पहिल्याचं बळ सर्वांत मोठं. कुणी कितीही "तुला जमेल" म्हणो, स्वतः शिवलेल्या एका जखमेची सर त्याला येत नाही.

पायरी ४ : कुणाला विचारायचं आणि काय

एकाच सीनियरला विचारून थांबू नका. प्रत्येक ब्रँचसाठी निदान तिघं गाठा: आत्ता जेआर असलेला कुणी, त्याच ब्रँचमध्ये दहाएक वर्षं प्रॅक्टिस केलेला कुणी, आणि जमलं तर ती ब्रँच सोडलेला किंवा न घेतलेला कुणी. शक्य असेल तर एक जण मोठ्या शहरातला आणि एक तालुक्याच्या गावचा. एकच ब्रँच मुंबईत आणि हिंगोलीत दोन निराळे व्यवसाय असतात.

"कशी आहे ब्रँच?" विचारलंत तर "चांगली आहे" एवढंच मिळेल. विचारा: कालचा दिवस कसा गेला? शेवटचं निवांत जेवण कधी झालं? कुठल्या प्रकारचा पेशंट आला की कंटाळा येतो? स्वतःचं हॉस्पिटल नसेल तर या ब्रँचमध्ये काम मिळतं का? पुन्हा निवडायची वेळ आली तर?

वर्षांचा हिशेबही कागदावर मांडा. एमडी, एमएस किंवा डीएनबी तीन वर्षं, डिप्लोमा दोन. त्यावर डीएम किंवा एमसीएच ही सुपरस्पेशालिटी करायची तर नीट-एसएस ही परीक्षा आणि आणखी तीन वर्षं. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं असेल तर वर्षभराची बंधपत्रित सेवाही धरा. रेसिडेन्सीतच तीन महिने जिल्हा रुग्णालयात जावं लागतं, तेही मोजा. आकडे समोर आले की "मेडिसिन करून कार्डिओ" हे वाक्य एकदम खरं आणि लांबलचक दिसायला लागतं. तरी हवंसं वाटलं तर ते खरोखर हवं आहे.

पीजी लगेच करायलाच हवं असंही नाही. वैद्यकीय अधिकारी म्हणून काम, यूपीएससीची कम्बाइन्ड मेडिकल सर्व्हिसेस परीक्षा, किंवा गडचिरोलीच्या 'सर्च'सारख्या संस्थेत ग्रामीण आरोग्याचं काम, हे मानाचे रस्ते आहेत.

पायरी ५ : घरच्यांशी बोलणं

दोन प्रकारची घरं दिसतात. एका घरात आधीच डॉक्टर असतात, हॉस्पिटल असतं, मुलाने किंवा मुलीने काय घ्यायचं हे जवळपास ठरलेलं असतं. दुसऱ्या घरात कुणीच डॉक्टर नसतो. "तुला कळतं, तूच ठरव" म्हणतात. पहिल्या घरातली मुलं मोकळीकीसाठी तळमळतात, दुसऱ्या घरातली विचारायला कुणी नाही म्हणून. दुसऱ्या घरातल्यांनी आपल्याच जिल्ह्यातला, आपल्यासारख्याच शाळेतून आलेला एखादा सीनियर जरूर शोधावा. आपल्यासारखा माणूस तिथे पोचलेला पाहणं, हाही विश्वासाचा स्रोत आहेच.

पहिल्या घरातलं संभाषण साधारण असं होतं:

"बाबा, मला सायकियाट्री घ्यायचीये."

"म्हणजे वेड्यांची डॉक्टर? लोक काय म्हणतील? आणि इथे तालुक्याला कोण येणार तुझ्याकडे? लग्नाचं काय?"

एका दमात तीन काळज्या आहेत: लोक, पैसा, लग्न. तिन्हींना मिळून उत्तर देऊ गेलात की भांडण होतं. एकेक घ्या. "बाबा, आपल्या भागातल्या एका सायकियाट्रिस्टकडे मी दिवसभर बसले होते, ओपीडी भरलेली होती. तुम्ही एकदा चला, तुम्हीच विचारा त्यांना." बाबा आले तर अर्धं काम झालं. आणि खूप समजावूनही ते तयार झाले नाहीत, तरी काय विचार करून तुम्ही इथवर आलात, हे त्यांना कळलेलं असतं. मुलींना "गायनॅक नाहीतर डर्मा" असं सांगणाऱ्या घरांत हे बोलणं एकदा होत नाही, चारदा करावं लागतं. त्यामुळे ते काउन्सेलिंगच्या (सीट वाटपाच्या) आठवड्यात सुरू करू नका, आधीच करा.

पायरी ६ : यादी आणि चॉइस फिलिंग

सरकारी महाविद्यालयांतल्या पीजीच्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून एमसीसी (मेडिकल काउन्सेलिंग कमिटी) भरते, उरलेल्या राज्याच्या जागा आपल्याकडे सीईटी सेलमार्फत भरल्या जातात. एम्स, जिपमर, पीजीआय, निम्हान्स यांची प्रवेशपरीक्षा आयएनआय-सीईटी निराळी, वर्षातून दोनदा. तारखा वहीत लिहून ठेवा.

निकालाआधीच तीन याद्या करा. मनापासून हव्यात त्या ब्रँचेस, मिळाल्या तर आनंदाने करीन अशा, आणि काहीही झालं तरी नको अशा. तिसरी यादी लहान ठेवा, पण लिहाच. काउन्सेलिंगच्या गडबडीत तीच तुम्हाला वाचवते. ब्रँच आधी की कॉलेज आधी, हेही आताच ठरवा. माझं मत विचाराल तर ब्रँच आधी.

चॉइस भरताना चातुर्य करू नका. सीट मेरिटप्रमाणे आणि तुमच्या क्रमाप्रमाणे मिळते. वरची तीन कॉलेजं मिळणार नाहीत असं वाटलं तरी ती वरच ठेवा, त्याने खालच्या सीटवरचा हक्क जात नाही. दुसऱ्या फेरीत मात्र सांभाळून. अपग्रेड झालं की आधीची सीट आपोआप जाते. त्यामुळे हातातल्या सीटपेक्षा खरोखर जास्त हव्या असलेल्याच जागा भरा.

ड्रॉपचं, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा देण्याचं काय? तो नाउमेद होऊन घ्यायचा नसतो आणि घाबरून टाळायचाही नसतो. कुठल्या ब्रँचसाठी, कुठे राहून, कुणाच्या पैशाने, आणि पुढच्या वर्षीही तीच रँक आली तर काय, या प्रश्नांची उत्तरं निकालाच्या आधी लिहा. निकालाच्या रात्री लिहिलेली उत्तरं रडून लिहिलेली असतात.

पायरी ७ : जॉइन झाल्यावर

जेआर वनचे पहिले महिने निर्णय तपासायला योग्य नसतात. झोप नाही, जेवण नाही, सीनियरचा ओरडा, डोक्यावर पेंडिंग कामांची यादी. तेव्हा कुठलीही ब्रँच चुकलीच असं वाटतं. "ही ब्रँच नको" आणि "हे असं जगणं नको" यांत फरक करा.

दुसरं वाटत असेल तर थांबू नका, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. आपल्याच कॉलेजच्या सायकियाट्री विभागात जायला संकोच वाटत असेल तर बाहेरच्या डॉक्टरांकडे जा. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कृतिगट नेमला आणि २०२४ मध्ये त्याचा अहवाल आला. प्रश्न तुमच्या एकट्याच्या दुबळेपणाचा असता तर एवढं करावं लागलं नसतं. रूममेट जेवत नसेल, गप्प झाला असेल, "मी सगळ्यांना ओझं आहे" असं काही बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका. सरळ विचारा, सोबत बसा, गरज पडली तर हाताला धरून कॅज्युअल्टीत न्या.

आणि खरोखरच ब्रँच चुकली असं वाटत असेल तर आधी रजा घ्या. २०२३ च्या पीजी नियमांत वर्षाला किमान वीस दिवसांची पगारी किरकोळ रजा आहे. रजेत पोटभर झोपा. त्यानंतरही उत्तर तेच राहिलं, तर त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतलं सीट सोडण्याचं कलम नीट वाचा: दंड किती, पुढच्या परीक्षेला बसण्यावर बंदी आहे का, मूळ कागदपत्रं कधी परत मिळतात. मग गाइडना भेटा, घरी कळवा, आणि ज्या ब्रँचमध्ये जायचं आहे तिथल्या जेआर वनबरोबर एक अख्खी इमर्जन्सी ड्यूटी काढल्याशिवाय राजीनाम्यावर सही करू नका.